सीआरटी-डीच्या रिपोर्टमध्ये श्वास बिघडलाय, वजन मात्र तेवढंच. किती विश्वास ठेवायचा?

गडहिंग्लज_ओपीडी

नमस्कार. पेशंट ६४ वर्षांचे, शेतकरी, आजरा तालुका. जुना हार्ट अटॅक, ईएफ (दर ठोक्याला हृदय बाहेर टाकतं त्या रक्ताचा वाटा) २८ टक्के, १४ महिन्यांपूर्वी कोल्हापुरात सीआरटी-डी बसवलंय, म्हणजे हृदयाच्या दोन्ही खालच्या कप्प्यांना एकत्र ठोका देणारं आणि गरज पडली तर शॉक देणारं मशीन. परवा मशीन तपासून आले आणि रिपोर्टची झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली. त्यातले गेल्या तीन आठवड्यांतले आकडे असे:

श्वासाचा दर, दिवसाचा मध्यक: १६ वरून २१.
थोरॅसिक इम्पीडन्स (छातीतून जाणाऱ्या विद्युत प्रवाहाला होणारा अडथळा): हळूहळू उतरतोय, साधारण ५ ओहम.
रात्रीचा हार्ट रेट: ६४ वरून ७३.
हार्ट फेल्युअर इंडेक्स: २२.
आरडीआय, म्हणजे रात्री तासाला श्वास बिघडण्याच्या घटना: ३८. आधी ही २० च्या आसपास असायची.

वजन ६१ किलो, तीन महिने तेवढंच. पायावर सूज नाही. विचारलं तर म्हणतात, "काय न्हाई डॉक्टर, जरा दम लागतोय, वय झालं." उशी एकच. लघवीची गोळी टॉर्सेमाइड १० मिग्रॅ सकाळी, मागचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.४.

प्रश्न तीन. पेशंट बरा दिसत असताना नुसत्या मशीनच्या आकड्यांवर लघवीची गोळी वाढवायची का? आरडीआय ३८ आहे म्हणून झोपेच्या मास्कचं मशीन विकणाऱ्या एकाने मुलाला एएसव्ही (श्वासाप्रमाणे हवेचा दाब आपोआप बदलणारं मास्कचं मशीन) घ्यायला सांगितलंय, ते घेऊ द्यायचं का? आणि वाडीत मोबाइलची रेंज कधी असते कधी नसते, तर पुढे लक्ष कसं ठेवायचं?

कॅथलॅब_शाहूपुरी

सर, आधी आकडे खरे आहेत का ते बघूया, अर्थ नंतर लावू.

मशीन श्वास थेट मोजत नाही. उजव्या वेंट्रिकलमधली (खालच्या कप्प्यातली) लीड, म्हणजे तार, आणि छातीवरच्या कातडीखालचा डबा यांच्यामध्ये अगदी बारीक विद्युत प्रवाहाचे ठोके सोडले जातात आणि त्यांना किती अडथळा होतो ते मोजलं जातं. फुप्फुसात हवा भरली की अडथळा वाढतो, श्वास सोडला की कमी होतो. ही झाली दर श्वासाची लाट. तिच्यावरून दर, खोली आणि आरडीआय निघतो. तोच अडथळा दिवसभराच्या सरासरीत हळूहळू उतरत गेला तर फुप्फुसात पाणी साठतंय असं धरतात. म्हणजे एकाच मोजमापातून दोन वेगळ्या गोष्टी वाचल्या जातात. लीडच गडबडली तर दोन्ही एकदम बिघडतात आणि बघणाऱ्याला वाटतं, दोन-दोन पुरावे मिळाले.

म्हणून लीडचे आकडे बघा. पेसिंग इम्पीडन्स, शॉक कॉइलचा इम्पीडन्स, थ्रेशोल्ड (ठोका लागायला लागणारा किमान जोर). हे आधीसारखेच असतील आणि थोरॅसिक इम्पीडन्स तीन आठवड्यांत सावकाश उतरला असेल, तर बदल छातीतला. एका रात्रीत पायरीसारखा पडला असेल तर लीड, ती डब्यात पकडणारा सेटस्क्रू किंवा डब्याच्या कातडीखालच्या खिशातली सूज, रक्त, जंतुसंसर्ग यांचा संशय घ्यायचा. खिशावर हात फिरवून बघायला अर्धं मिनिट लागतं आणि नेमकं तेच राहून जातं.

मशीन नवीन असताना खिसा सुजलेला असतो. मेडट्रॉनिकचं ऑप्टीव्हॉल (छातीतल्या पाण्याचा हिशोब ठेवणारं) म्हणूनच बसवल्यानंतर ३४ दिवसांनी हिशोब सुरू करतं. बॅटरी संपल्यावर डबा बदलला की तीच अडचण परत. तुमच्या पेशंटला १४ महिने झालेत, त्यामुळे हा मुद्दा नाही.

आरडीआयसाठी मशीनमध्ये झोपेची वेळ भरावी लागते. पेशंट खरंच झोपलाय की नाही हे मशीनला कळत नाही, भरलेल्या वेळेत तो झोपलाय असं ते धरून चालतं. रात्री १० ते ६ भरलंय आणि माणूस उसाला पाणी पाजायला रात्रीच्या लायटीवर रानात असेल, तर त्या रात्रीचा आकडा धरायचा नाही. आजऱ्याकडं रात्रीचा वीजपुरवठा कोणत्या आठवड्यात आहे ते काकांना विचारा आणि आलेखावर ते दिवस खूण करून बघा.

आणि एक. तुम्ही दिलेल्या यादीत बायव्हेंट्रिक्युलर पेसिंगची (दोन्ही खालच्या कप्प्यांना मशीनने ठोका दिल्याची) टक्केवारी आणि एटी/एएफ बर्डन (वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली असण्याचा वेळ) नाही. दोन्ही त्याच रिपोर्टमध्ये असतात, बहुधा दुसऱ्या पानावर. ती दोन टाका.

ईएफ_पस्तीस

डॉक्टर, शाहूपुरीकरांनी मागितलेले दोन आकडे येईपर्यंत तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

वजन स्थिर आहे यावर फार विसंबू नका. डाव्या बाजूचा दाब आठवडे आधी चढायला लागतो आणि सुरुवातीला पाणी शरीरात वाढण्यापेक्षा पोटातल्या शिरांमधून छातीकडे सरकतं. काट्यावर ते दिसत नाही. शिवाय भूक मंदावून अंगावरचं मांस उतरलं की पाणी वाढूनही वजन तेवढंच राहतं. हार्ट फेल्युअरच्या जुन्या पेशंटमध्ये हे नेहमीचं. काकांच्या दंडाकडं बघा, सदरा सैल झालाय का विचारा.

श्वास का बदलतो? फुप्फुसाच्या जाळीत पाणी आलं की ते ताठर होतं. ताठर फुप्फुस खोल फुगवायला मेहनत पडते, म्हणून शरीर उथळ आणि भरभर श्वास घेतं. पेशंटला ते जाणवेलच असं नाही, कारण तो नकळत चालणं कमी करतो. त्यामुळे "दम लागतो का" असं विचारू नका. "मागच्या महिन्यात विहिरीपर्यंत न थांबता जात होता, आता मध्ये टेकता का" आणि "वाकून चपलेचा पट्टा लावताना दम कोंडतो का" असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला हो आलं तर माझ्या लेखी ते उशा मोजण्यापेक्षा जास्त कामाचं.

इंडेक्सबद्दल. तुमच्या पेशंटचं मशीन बोस्टन सायंटिफिकचं दिसतंय, कारण हा इंडेक्स हार्टलॉजिकचा. त्यात हृदयाचा पहिला आणि तिसरा आवाज, थोरॅसिक इम्पीडन्स, श्वासाचा दर आणि उथळपणा, रात्रीचा हार्ट रेट हे एकत्र करतात. १६ ओलांडलं की अलर्ट लागतो आणि ६ च्या खाली गेल्याशिवाय सुटत नाही. मल्टीसेन्स अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात १६ च्या रेषेवर ७० टक्के बिघाड आधी पकडले गेले, साधारण ३४ दिवस आधी. उरलेले ३० टक्के निसटले. आणि ज्यांचा पत्ता लागला नाही असे अलर्ट दर पेशंटमागे वर्षाला १.४७. म्हणजे इंडेक्स शांत आहे म्हणून पेशंट बरा असं नाही, आणि इंडेक्स चढला म्हणून लगेच अ‍ॅडमिशन असंही नाही. शिवाय त्या अभ्यासात अलर्टवर कुणी उपचार बदलत नव्हतं, ओळखता येतं का एवढंच तपासलं होतं.

अलर्टवर घाई केली की काय होतं तेही माहीत आहे. डॉट-एचएफ अभ्यासात, २०११, इम्पीडन्स उतरला की मशीन पेशंटला ऐकू येईल असं वाजायचं. ज्यांचं वाजायचं त्यांच्या अ‍ॅडमिशन वाढल्या. घाबरलेला माणूस दवाखान्यात येतो आणि आलेल्याला आपण भरती करून घेतो. मशीनचा आवाज पेशंटच्या कानाला नको, डॉक्टरच्या टेबलावर हवा.

तुमच्याकडे मात्र चार आकडे एकाच दिशेने तीन आठवडे चाललेत. हे नुसतं मशीनचं म्हणणं राहिलेलं नाही. मी असा क्रम लावेन:

काकांना ४५ अंशावर टेकवून मानेची शीर बघा, पोट दाबून धरल्यावर ती वर राहते का ते बघा. बीपी, ऑक्सिजन, फुप्फुसाचा तळ. ईसीजी. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्त तपासणी), क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, हिमोग्लोबिन. पेशंट हार्ट फेल्युअरचं सॅक्युबिट्रिल घेत असेल तर साधं बीएनपी पाठवू नका, त्या औषधाने ते तसंच वाढतं. छातीचा एक्स-रे काढाच. न्यूमोनिया आणि छातीच्या पोकळीतलं पाणीही इम्पीडन्स उतरवतात आणि श्वास वाढवतात, तेव्हा नुसती लघवीची गोळी वाढवून भागेलच असं नाही.

औषधांची पिशवी उलटी करून बघा. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, कुणी दिलेलं स्टेरॉइड, पित्तासाठी रोजचा फसफसणारा सोडा. तिन्ही पाणी धरून ठेवतात.

तपासणीत भरलेलं दिसलं तर टॉर्सेमाइड १० चं २० करा, ५ दिवसांसाठी. पाचव्या ते सातव्या दिवशी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत. क्रिएटिनिन १.४ चं १.६ झालं आणि दम कमी झाला तर घाबरून गोळी बंद करू नका. १.४ चं २ झालं, उभं राहताना चक्कर आली, बीपी ९० च्या खाली गेलं, तर मागे या. श्वासाचा दर दोन दिवसांत उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. इंडेक्स तर आणखी सावकाश उतरतो.

फुप्फुस_आणि_झोप

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: एएसव्ही घेऊ देऊ नका. आज मुलाला फोन करून सांगा, पैसे भरले जायच्या आत.

सर्व्ह-एचएफ अभ्यास, २०१५, १,३२५ पेशंट. ईएफ ४५ किंवा कमी आणि झोपेतला श्वास मुख्यतः मेंदूकडून थांबणारा, म्हणजे सेंट्रल. एएसव्ही दिलेल्यांमध्ये रात्रीचा आकडा झकास सुधारला आणि हृदयामुळे होणारे मृत्यू वाढले. आलेख सुंदर, माणूस गेलेला. ईएफ २८ च्या पेशंटला झोपेची नीट तपासणी न करता हे मशीन देणं चूकच.

आता आरडीआय ३८ म्हणजे काय. १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वासाची लाट बरीच खाली गेली की मशीन एक घटना मोजतं. स्लीप लॅबच्या एएचआयशी (तिथे मोजलेल्या तासाच्या घटनांशी) हा आकडा एकास एक जुळत नाही. मशीनला नाकातली हवा दिसत नाही, ऑक्सिजन दिसत नाही. घसा बंद होऊन श्वास अडकला तर छाती हलतच राहते, ती घटना सुटू शकते. उलट जागेपणी शांत पडलेल्या माणसाची घटना मोजली जाऊ शकते. घसा बंद झाला की मेंदूने श्वास थांबवला हे तर यावरून ठरवताच येत नाही.

मग त्याचा उपयोग काय? एकाच माणसाचा आकडा स्वतःशीच ताडून बघायला तो चांगला. २० चा ३८ झाला आणि त्याच वेळी इम्पीडन्स उतरला, तर माझा पहिला संशय चेन-स्टोक्स श्वसनावर. श्वास हळूहळू खोल होत जातो, शिगेला पोचतो, उथळ होत थांबतो, पुन्हा सुरू. हार्ट फेल्युअरमध्ये एक फेरा साधारण मिनिटभराचा. कारण असं की फुप्फुस भरल्यामुळे माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदू श्वास थांबवतो. तोवर कार्बन डायऑक्साइड परत चढलेला असतो, पण हृदय मंद असल्यामुळे ती खबर मेंदूपर्यंत उशिरा पोचते. मग मेंदू परत जास्त जोर लावतो. गीझरचा थर्मोस्टॅट लांबच्या नळाशी लावला तर पाणी कधी उकळतं कधी गार येतं, तसला प्रकार. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर छाती-मानेकडं येतं, त्याने भर पडते.

म्हणजे इथे बिघाड श्वासात दिसतोय, पण दुखणं हृदयाचं. आधी हृदय कोरडं करा. सहा-आठ आठवड्यांनी आरडीआय परत बघा. तो २० वर आला तर झोपेची तपासणी सावकाश करता येईल. ३० च्या वरच राहिला, किंवा घोरणं, सकाळी डोकं जड होणं, दिवसा पेंग असेल, तर नाकातली हवा, छाती-पोटाचे पट्टे आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी करून प्रकार ठरवा. घसा बंद होणारा निघाला तर सीपॅप (सतत दाबाने हवा देणारं मास्कचं मशीन) देता येतो, त्याला सर्व्ह-एचएफ आडवं येत नाही.

घरी फुकटात होणारी एक तपासणी: रात्री १ ते ३ मध्ये मुलाने मोबाइलवर १० मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, छाती-पोट दिसेल असा, पांघरूण बाजूला करून. श्वास थांबतो तेव्हा पोट हलतंय का एवढंच बघायचं. निदान यावर करू नये, पण दिशा कळते.

गडहिंग्लज_ओपीडी

सगळ्यांचे आभार. मुलाला फोन केला, एएसव्ही थांबवलं.

दुसरं पान सापडलं. बायव्हेंट्रिक्युलर पेसिंग ८६ टक्के, आधीच्या तपासणीत ९८ होतं. एटी/एएफ बर्डन: २४ दिवसांपासून जवळजवळ सलग. ईसीजीत एएफ. नाडी ७८ च्या आसपास, म्हणून माझ्या हाताला अनियमितपणा फारसा जाणवला नव्हता. लीडचे आकडे ठीक, खिसा ठीक. मानेची शीर वर, तळाला दोन्हीकडे बारीक क्रेप्स (श्वास घेताना चरचर आवाज). एनटी-प्रोबीएनपी ३,४०० च्या पुढं, एक्स-रेत न्यूमोनिया नाही. रात्री रानात जात नाहीत, मुलगा जातो. पिशवीत डायक्लोफिनॅक नाही, पण अ‍ॅस्पिरिन आहे. चपलेच्या पट्ट्याच्या प्रश्नाला काका हसले आणि म्हणाले, "त्ये आता सूनबाई लावती."

ईएफ_पस्तीस

मिळालं मग. २४ दिवसांपूर्वी एएफ, २१ दिवसांपासून श्वास चढता. मशीनने बिघाड बरोबर पकडला होता, त्याचं कारण, म्हणजे एएफ आणि घटलेलं पेसिंग, दुसऱ्या पानावर होतं.

८६ सुद्धा खरं धरू नका. एएफमध्ये पेशंटचा स्वतःचा ठोका आणि मशीनचा ठोका एकमेकांवर पडतात आणि मशीन त्यांना आपलेच म्हणून मोजतं. प्रत्यक्ष कामाचं पेसिंग त्याहून कमी असणार. १२ लीडचा होल्टर (दिवसभर अंगावर लावायचा ईसीजी) मिळाला तर उत्तम, नाहीतर लांब ईसीजी पट्टीवर क्यूआरएसचे, म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याच्या लाटेचे, आकार तपासा.

आता नुसती टॉर्सेमाइड पुरणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी आजच सुरू करा. अ‍ॅपिक्सॅबॅन ५ मिग्रॅ दोनदा. डोस अर्धा करायच्या तीन अटी: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. यातल्या दोन लागल्या तरच अर्धा. आज काका ६१ किलो आणि १.४, म्हणजे पूर्ण डोस. पण पाणी उतरल्यावर ते ५९ किलो आणि १.५ वर येऊ शकतात, तेव्हा दोन अटी लागतात. सातव्या दिवशी रक्त तपासाल तेव्हा हे कागदावर लिहून ठेवा, त्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायची का ते स्टेंट कधी घातला त्यावर ठरेल, मशीन बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

वेग कमी करायला बीटा ब्लॉकर, पण फुप्फुस जरा कोरडं झाल्यावर वाढवा. डिल्टियाझेम, व्हेरापामिल या ईएफला नकोत. लय परत आणायची तर २४ दिवस झालेत, म्हणून तीन आठवडे रक्त पातळ ठेवून किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही हे बघूनच शॉक. यासाठी कोल्हापूरला पाठवा, या आठवड्यात. लय सांभाळणारं अमिओडारोन सुरू झालं तर आजचा एक्स-रे जपून ठेवा. त्या औषधाने फुप्फुस बिघडलं तरी सेन्सरवर श्वास असाच चढताना दिसतो.

एचएफ_सिस्टर_सीपीआरजवळ

सर, तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते.

रिमोट मॉनिटरिंग सुरू आहे का हे आधी कंपनीच्या माणसाला विचारा. असेल तर माहिती पाठवणारी पेटी पलंगापासून तीन मीटरच्या आत, डोक्याच्या बाजूला. टीव्हीच्या मागं नको, फ्रिजवर नको. पावसाळ्यात आजरा-चंदगडकडं लाइट गेली की पेटी बंद, पण छातीतलं मशीन मोजत राहतं, माहिती हरवत नाही. फक्त अलर्ट उशिरा पोचतो. पेटीचा दिवा कोणत्या रंगाचा म्हणजे ठीक, तो रंग सूनबाईंना दाखवून ठेवायचा. आणि अलर्ट आला तर दवाखान्यातून कोण फोन करणार ते नाव ठरलेलं पाहिजे. ते ठरलं नसेल तर पेटी असून नसल्यासारखी.

रेंजच नसेल तर पेटीचा हट्ट नको. महिन्याला एकदा मशीन तपासणी, निदान एएफ आटोक्यात येईपर्यंत. मधल्या काळात घरच्यांनी श्वास मोजायचा. सकाळी उठायच्या आधी, काका झोपेत असताना, पोटावरचं पांघरूण वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. चेन-स्टोक्स असेल तर त्या १५ सेकंदांत श्वास थांबलेलाही असू शकतो. काकांना सांगून मोजलं तर ते श्वास जपून घेतात, म्हणून न सांगता. तीन दिवस लागोपाठ नेहमीपेक्षा ४ ने जास्त आला तर फोन. ही आमची कामचलाऊ रेषा आहे, मशीनचा आकडा नव्हे.

वजनकाटा साधा घ्यायचा. चरबी दाखवणारे काटे पायातून वीज सोडतात, मशीनवाल्या पेशंटला ते नको.

मिठाचं: दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. तांबडा-पांढरा एकदम बंद म्हटलं की काका आपल्यापुढं हो म्हणतात आणि जत्रेत दोन वाट्या पितात. त्यापेक्षा घरी रस्सा मीठ न घालता करायचा, काकांच्या वाटीत मोजून चिमूटभर. खर्डा, पापड, सांडगे, लोणचं हे मात्र खरंच बंद. मीठ जास्त तिथंच असतं आणि कुणी ते मोजत नाही.

आयसीयू_नाइट

विषय निघालाच आहे तर विचारतो. श्वासावर वेग बदलणारे पेसमेकर आमच्या मॉनिटरला जोडले की कधीकधी हार्ट रेट वर जाऊन बसतो. एएफ समजून औषध दिलं जातं. हे त्याच सेन्सरमुळं का?

कॅथलॅब_शाहूपुरी

हो दादा, त्यामुळंच. तुमचा मॉनिटरही ईसीजीच्या चिकटपट्ट्यांतून बारीक प्रवाह सोडून श्वास मोजतो. पेसमेकर त्यालाच पेशंटचा जोरात चाललेला श्वास समजतो आणि वरच्या ठरलेल्या वेगापर्यंत जातो. मॉनिटरवर रेस्पिरेशन बंद करा, एका मिनिटात खाली येतो का बघा. खाली आला तर औषधाची गरज नाही. मॉनिटरवर तो आकडा हवाच असेल तर प्रोग्रॅमरने मिनिट व्हेंटिलेशनवरचा, म्हणजे श्वासावर बदलणारा, वेग बंद करून घ्यायचा. ऑपरेशनमध्ये कॉटरी वापरायच्या आधीही तेच, आणि घरी सोडताना परत चालू केलं का ते डिस्चार्ज कार्डावर लिहायचं. ते बंदच राहिलं तर पेशंट पंधरा दिवसांनी जिना चढताना धाप लागते म्हणून परत येतो.